शाळेचा इतिहास लिहायचाय, पण शेवटचा शब्द कुणाचा?

प्रश्न थोडक्यात असा: गोव्यातल्या डिचोली तालुक्यातले एक हायस्कूल, १९६१ च्या मुक्तीनंतर दोन-तीन वर्षांत सुरू झालेले. आता साठी उलटली. माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ठरले की शाळेचा इतिहास पुस्तकरूपाने काढायचा. उत्साह भरपूर, पण इतक्या महिन्यांत हाती लागलेत ते चार लेख आणि ढीगभर फॉरवर्ड केलेले फोटो. काहींना जाहिराती घेऊन स्मरणिका काढायची आहे, काहींना ‘खरा इतिहास’ हवा आहे, आणि संस्थेचे पदाधिकारी म्हणताहेत की छापण्याआधी सगळे आम्हाला दाखवा. विचारणाऱ्याने शेवटी लिहिले आहे, “लिहायचे कुणी आणि सुरुवात कुठून, एवढेच सांगा. आणि मंत्र्यांचे संदेश घ्यावेत का, तेही.”

मी गोव्यात बरीच वर्षे संपादनाचे काम करतो. शाळा, वाचनालये, देवस्थाने यांचे महोत्सवी ग्रंथ बरेच हातावेगळे केलेत. त्या अनुभवावरून सांगतो, लिहिणारा मिळतोच. प्रत्येक गावात एक तरी निवृत्त शिक्षक किंवा पत्रकार असतो, ज्याची लेखणी बरी चालते. अडते ते दुसरीकडे. पुस्तक तयार झाल्यावर ‘हे पान काढा’ असे सांगण्याचा अधिकार कुणाला, हे आधी ठरलेले नसते. तुमच्या ग्रुपमधला स्मरणिका की इतिहास हा वाद आणि पदाधिकाऱ्यांचे ‘आधी दाखवा’ हे दोन वेगळे तंटे वाटतात, पण मुळात प्रश्न एकच आहे: पुस्तक कुणाचे?

म्हणून पहिले काम, प्रकाशक कोण ते ठरवा. संस्था पैसे देणार असेल आणि प्रकाशक म्हणून तिचेच नाव जाणार असेल, तर शेवटचा शब्द तिचा. त्यात वावगे काही नाही, फक्त मग ‘खरा इतिहास’ची अपेक्षा थोडी आवरती घ्यावी. माजी विद्यार्थी स्वतः प्रकाशक होणार असतील तर पैसे तुमचे, जबाबदारी तुमची आणि निर्णयही तुमचा. अशा वेळी मी संस्थेला एक पानाचे पत्र द्यायला सांगतो. त्यात लिहायचे, की मजकूर तयार झाल्यावर महिनाभर तुमच्याकडे राहील. तारीख, नाव, आकडा, घटना यांत चूक असेल तर पुराव्यासह लेखी कळवा, आम्ही दुरुस्त करू. मजकूर ठेवायचा की गाळायचा, हे मात्र संपादक मंडळ ठरवील. बहुतेक पदाधिकारी याला मान्यता देतात. त्यांना भीती असते ती अंधारात ठेवले जाण्याची. आणि शाळेची कपाटे उघडणार तीही त्यांच्याच सहीने, हे विसरू नका. संपादक मंडळ तिघांचे पुरे. अकरा जणांचे केलेत तर त्यातले आठ जण फक्त प्रकाशनाच्या दिवशी व्यासपीठावर दिसतील.

इथे काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत. माजी विद्यार्थी संघ नोंदणीकृत आहे का? नसेल तर बँकेत संघाच्या नावाने खाते उघडणे जिकिरीचे होते, मग वर्गणी कुणाच्या तरी वैयक्तिक खात्यात जाते आणि सहा महिन्यांत कुजबूज सुरू होते. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली सात सभासदांवर संघाची नोंदणी होते. तेवढी धावपळ नको असेल तर गावातल्या एखाद्या नोंदणीकृत वाचनालयाला किंवा मंडळाला प्रकाशक होण्याची विनंती करा.

स्मरणिकेच्या बाजूच्या मंडळींना शत्रू समजू नका. जाहिराती, बक्षीस समारंभाचे फोटो, बॅचवार आठवणी हे सगळे लोकांना हवेच असते. ती पुस्तिका वेगळी काढा, कार्यक्रमाच्या दिवशी वाटा. दोन्ही एकाच पुस्तकात कोंबलेत की इतिहास जाहिरातींच्या मध्ये सापडतो. पैशांच्या बाबतीतही जुना हिशेब आता चालत नाही. डिचोली, सत्तरी, सांगे या पट्ट्यात एकेकाळी खाणवाले, ट्रकवाले आणि बार्जमालक यांच्या जाहिरातींवर अख्खी स्मरणिका निघायची. २०१२ च्या खाणबंदीनंतर ती गंगा आटली. त्यापेक्षा आगाऊ नोंदणी घ्या. शंभर-दोनशे जणांनी आधी पैसे भरून प्रत मागितली तर किती प्रती छापायच्या हे कळते, आणि पुस्तकाची वाट पाहणारे लोकही तयार होतात.

आता सुरुवात कुठून. लेख मागवू नका. निदान आत्ता नको. लेख मागवले की ‘माझी शाळा, माझी माय’ या मथळ्याचे वीस लेख येतात आणि त्यांत एकही तारीख नसते. आधी सांगाडा उभा करा, आणि तो मिळतो शाळेच्या ऑफिसातल्या जनरल रजिस्टरात.

जनरल रजिस्टर म्हणजे ज्यावरून शाळा सोडल्याचा दाखला देतात ते जाड बाइंडिंगचे पुस्तक. पहिले पान उघडा. पहिल्या क्रमांकावर कोण, कुठल्या तारखेला दाखल झाला, आधीची शाळा कुठली, जन्मतारीख काय, शाळा कधी आणि का सोडली, हे सगळे रकान्यांत असते. तुमच्यासारख्या साठीतल्या शाळेच्या पहिल्या दोन-तीन वर्षांच्या नोंदी अगदी सावकाश वाचा. एकाच इयत्तेत अकरा वर्षांचा मुलगा आणि सोळा वर्षांचा मुलगा दिसेल. कारण १९६१ पर्यंत कुणी पोर्तुगीज प्राथमिक शाळेत होता, कुणी देवळाच्या अग्रशाळेत (धर्मशाळेत) भरणाऱ्या मराठी शाळेत, कुणी मामाकडे बेळगावला किंवा सावंतवाडीला राहून शिकत होता. मुक्तीनंतर गावात हायस्कूल आले आणि हे सगळे एका बाकावर बसले. ‘आधीची शाळा’ हा एक रकाना गोव्याच्या त्या काळाविषयी जे सांगतो, ते दहा भाषणांत सापडत नाही. ‘गाव’ या रकान्यावरून मुले कुठून चालत यायची त्याचा नकाशा काढता येतो. मुलींच्या नावांवर पेन्सिलने टिंब करत जा, कुठल्या वर्षापासून संख्या वाढली ते दिसेल. मग त्या वर्षी काय झाले ते शोधा: बस सुरू झाली, पूल झाला, की एखादी शिक्षिका आली? सोडण्याच्या कारणात ‘लग्न’, ‘घरची अडचण’, ‘मुंबईस गेला’ अशा नोंदी असतात. माझ्या मते शाळेच्या इतिहासाचे सर्वांत मोलाचे प्रकरण या रकान्यातून निघते.

दोन पथ्ये पाळा. रजिस्टर ऑफिसाबाहेर नेऊ नका, हेडमास्तरांच्या लेखी परवानगीने तिथेच बसून नोंदी घ्या. आणि जात, गुण, नापासाचे शेरे यांची बेरीज-वजाबाकी छापा, व्यक्तीचे नाव घालून छापू नका. कुणाच्या तरी आजोबांचे सातवीतले नापास होणे हा इतिहास नव्हे.

रजिस्टरानंतर संस्थेचे मिनिट बुक (सभांच्या इतिवृत्तांची वही), लॉगबुक, शिक्षण खात्याच्या तपासणीचे अहवाल आणि अनुदानाचा पत्रव्यवहार. शाळेत नसेल ते पर्वरीला शिक्षण खात्यात विचारा, लागलाच तर माहिती अधिकाराचा अर्ज करा, पण आधी नीट बोलून बघा. काम बहुधा ओळखीने आणि सौजन्याने लवकर होते. वर्तमानपत्रांसाठी पणजीला पाटो येथील कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय गाठा. ‘गोमन्तक’ १९६२ पासून, ‘राष्ट्रमत’ १९६३ पासून, ‘नवप्रभा’ १९७० पासून, म्हणजे तुमच्या शाळेचा जवळजवळ सगळा काळ यांत येतो. स्नेहसंमेलन, इमारतीची कोनशिला, निकाल या बातम्या तारखेसकट मिळतात. निकालांबाबत एक सांगून ठेवतो: गोव्याचे स्वतःचे बोर्ड १९७५ साली झाले, त्याआधी आपली मुले पुणे बोर्डाची एसएससी द्यायची. त्याच सुमारास अकरावीची जुनी एसएससी जाऊन दहावीची आली. त्यामुळे ‘आमची बॅच’ असे दोन वेगळ्या इयत्तांतले लोक एकाच वर्षाला म्हणतात. बॅचवार यादी करताना इथे हमखास गोंधळ होतो.

तुमचे हायस्कूल मुक्तीनंतरचे आहे म्हणून बरे. हे उत्तर जुन्या संस्थेचे कुणी वाचत असेल तर त्यांचे काम वेगळे. १९१० साली पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आले, हिंदूंवरची बंधने सैलावली, आणि गोव्यात मराठी शाळांना बहर आला. पणजीची मुष्टिफंड ही संस्था त्याच्याही थोडी आधीची, १९०८ ची, फोंड्याचे गोवा विद्याप्रसारक मंडळ १९११ चे. अशा शाळांच्या खुणा पणजीच्या पुराभिलेख खात्यात आणि जुन्या सरकारी बुलेटिनांत पोर्तुगीजमध्ये आहेत. तिथे पोर्तुगीज वाचणारा माणूस सोबत हवा. नावे ओळखणे हेही एक कसब आहे. शंकर तिथे ‘शेंकोर’ होतो, प्रभू ‘पोरोब’, कामत ‘कामोतिम’, शेणवी ‘सिनाय’. शिवाय मुक्तीनंतर अनेक घराण्यांनी आडनावे बदलली. एकच माणूस तीन नावांनी तीन माणसे म्हणून छापला जाऊ नये, म्हणून पहिल्या दिवसापासून नावांची एक वही ठेवा.

कागद थांबतील, माणसे थांबणार नाहीत. त्यामुळे रजिस्टर वाचणारी जोडी आणि मुलाखती घेणारी जोडी अशी दोन पथके एकदमच कामाला लावा. पहिल्या बॅचचे विद्यार्थी आता पंचाहत्तरीच्या आसपास, त्यांचे शिक्षक पंच्याऐंशी-नव्वदचे. सर्वांत वृद्ध आधी, एवढाच क्रम.

मुलाखतीसाठी लोक हेडमास्तर, संस्थापक, देणगीदार यांच्याकडे जातात. जायलाच हवे. पण जुन्या शिपायाकडे गेलात का? घंटा वाजवणारा, पावसात छपराची कौले बदलणारा, परीक्षेच्या पेपरांचे गठ्ठे तालुक्याला नेणारा तो. त्याला शाळेची किल्ली आणि शाळेतली भांडणे दोन्ही ठाऊक. गेटसमोर गाडा लावणारी बाई, मुलांना आणणाऱ्या कारेरचा (बसचा) ड्रायव्हर, ज्यांच्या भाटात (माडांच्या बागेत) पहिले खेळाचे मैदान होते त्या घरातली माणसे, आणि मधेच शाळा सोडलेले विद्यार्थी. हे शेवटचे सगळ्यांत अवघड. ते म्हणतात, “आमचे काय घेऊन बसलात, आम्ही कुठे शिकलो.” त्यांच्याशी दोनदा बोला.

‘शाळेविषयी दोन शब्द सांगा’ असे म्हटले की माणूस भाषणाच्या सुरात जातो. मी विचारतो, पावसात शाळेत कसे यायचात, पुस्तके कशात गुंडाळायचात? मधल्या सुट्टीत काय खायचात? इंग्रजीचा पहिला तास आठवतो का? कुठल्या सरांचा मार आठवतो? सोबत एक जुना ग्रुप फोटो न्यावा. त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून प्रत्येक डोक्याभोवती पेन्सिलने गोल काढायचा, आकडा घालायचा आणि खाली नावे लिहीत जायचे. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) दिवसांत हे काम सर्वांत चांगले होते, कारण मुंबई, पुणे, आखातातून मंडळी घरी आलेली असतात. माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या चौकटीखाली, पाच-सहा जण एका फोटोवर वाकले की चौथ्या रांगेतला तो मुलगा कोण यावर वाद होतो, त्या वादातच माहिती बाहेर पडते. फोन रेकॉर्डिंगवर ठेवून द्या, अर्थात सांगून. परवानगी रेकॉर्डिंगच्या सुरुवातीलाच आवाजात घ्या. त्याच रात्री फाइलला नाव आणि तारीख द्या, दोन ठिकाणी साठवा, आणि अर्धे पान सारांश लिहा. सारांश राहिला की पुढे ती फाइल कुणी ऐकत नाही.

मग कागद आणि आठवण यांची गाठ घालायची. सगळे सांगतील की शाळा अमुक दिवशी सुरू झाली. रजिस्टर वेगळी तारीख दाखवील, सरकारी मान्यतेचे पत्र तिसरी, आणि कोनशिला चौथी. यांतली एक खरी आणि बाकीच्या खोट्या असे नसते. वर्ग भरू लागला तो दिवस, मान्यता मिळाली तो दिवस, इमारत झाली तो दिवस, हे सगळेच शाळेचे वाढदिवस आहेत. सगळे छापा आणि कुठली माहिती कुठून आली ते तिथल्या तिथे सांगा. पुराव्याच्या आणि आठवणीच्या वाक्यात फरक दिसला पाहिजे: ‘रजिस्टरानुसार’ आणि ‘पहिल्या बॅचचे विद्यार्थी सांगतात’.

अडचणीचे विषय येणारच. गोवा महाराष्ट्रात विलीन करावा की नाही यावरचा १९६७ च्या १६ जानेवारीचा जनमत कौल, १९७८-७९ चे विद्यार्थ्यांचे बस तिकिटात निम्म्या सवलतीचे आंदोलन, १९८५ ते ८७ चा कोकणी-मराठी राजभाषेचा वाद. शिक्षकांच्या खोलीत तेव्हा दोन तट होते, विद्यार्थ्यांतही. ‘शाळा राजकारणापासून दूर होती’ असे एक वाक्य लिहून मोकळे होऊ नका, ते खरे नसते आणि वाचणाऱ्याला माहीत असते. दोन्ही बाजूंच्या एकेका माणसाला बोलते करा आणि शेजारी शेजारी छापा. संस्थेतली फूट, निवडणुकीचे वाद, शिक्षकांना उशिरा मिळालेले पगार, हेही मिनिट बुकात असते. तेवढे आणि तसेच लिहा. एखाद्या शिक्षकाच्या चारित्र्यावरची ऐकीव गोष्ट मात्र, दहा जणांनी सांगितली तरी, बाजूला ठेवा. बदनामीचा कायदा मृत व्यक्तीलाही लागू पडतो आणि तिचे कुटुंब त्याच गावात राहते.

भाषेबद्दल तुम्ही विचारले नाही, पण गोव्यात तो प्रश्न टळत नाही. पुस्तक मराठीत लिहा, मुलाखत मात्र ज्या भाषेत मिळाली त्या भाषेतली निवडक वाक्ये तशीच ठेवा. शिपाई कोकणीत बोलला असेल तर त्याच्या तोंडी पुस्तकी मराठी घालू नका. ख्रिस्ती माजी विद्यार्थ्यांकडून इंग्रजीत आलेले लेखन भाषांतर करून घ्या, त्यांना दाखवा आणि मग छापा. नाहीतर पुस्तक अर्ध्याच शाळेचे होईल.

तांत्रिक बाजू पटकन उरकतो. व्हॉट्सअॅपवर फोटोची ताकद निघून जाते, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. मूळ प्रत मिळाली तर ६०० डीपीआयवर स्कॅन करा. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, काचेसकट स्कॅन करा. आपल्या दमट हवेत असे फोटो घरोघर आहेत. लेखकांकडून मजकूर युनिकोडमध्ये येतो आणि बरेच डीटीपी करणारे जुन्या फाँटमध्ये काम करतात. त्या रूपांतरात जोडाक्षरे फुटतात, ‘ऱ्या’ आणि रफार विस्कटतात. युनिकोडमध्येच पाने लावणारा माणूस शोधा. पाने सोळाच्या फर्म्यात (एकदम छापल्या जाणाऱ्या सोळा पानांच्या गटात) बसतील असा हिशेब ठेवा, म्हणजे २०८, २२४ किंवा २४०. रंगीत फोटो सगळीकडे पसरण्यापेक्षा एका फर्म्यात एकत्र घेतले की खर्च उतरतो. तीनशेच्या आत प्रती असतील तर डिजिटल छपाईचाही भाव घ्या. बाइंडिंग शिवून घ्या, नुसते चिकटवलेले पुस्तक दोन पावसाळ्यांत सुटते. आणि शेवटी नामसूची अवश्य द्या. पुस्तक हातात पडताच प्रत्येक जण आधी स्वतःचे नाव शोधतो, त्याची सोय करावी. मुद्रितशोधन निदान एका बाहेरच्या माणसाने करावे, कारण आपल्याला आपल्याच सरांच्या नावातली चूक दिसत नाही.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, दिल्लीच्या राजा राममोहन राय संस्थेकडून ऑनलाइन आणि विनामूल्य मिळतो. १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशित पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह ठरलेल्या ग्रंथालयांना तीस दिवसांत पाठवायची असते, हौशी प्रकाशक हे हमखास विसरतात. पणजीचे मध्यवर्ती ग्रंथालय आणि गोवा विद्यापीठाचे ग्रंथालय यांनाही प्रती द्या. मुलाखतींची रेकॉर्डिंग्ज आणि स्कॅन यांची एक हार्ड डिस्क शाळेत, दुसरी एखाद्या ग्रंथालयात ठेवा. पुस्तकात यातले फार थोडे मावते.

वेळ किती? दोन पथके नेटाने लागली तर दीड ते दोन वर्षे. महोत्सवाची तारीख जवळ आली म्हणून घाई करणार असाल, तर त्या दिवशी स्मरणिका काढा आणि इतिहास पुढच्या चवथीला.

मंत्र्यांच्या संदेशांचे म्हणाल तर जरूर घ्या, ते नाही घेतले तर कुणीतरी रुसतोच. फक्त ते स्मरणिकेत छापा. इतिहासाच्या पहिल्या पानावर जनरल रजिस्टरच्या पहिल्या पानाचा फोटो असू द्या, जात आणि जन्मतारखेचा रकाना झाकून.